ओझं नको, भार हवा!

१९ मार्च २०२५ च्या पहाटे, आपल्याकडे साडेतीन वाजायच्या बेतात असताना, अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात एक यान उतरलं आणि सुनीता विल्यम्स पृथ्वीवर परतली. (आपल्याला ती घरचीच वाटते म्हणून एकेरी लिहितेय, राग मानू नका.) ५ जून २०२४ ला जेमतेम आठवडाभरासाठी गेलेली ही बाई यानातल्या बिघाडापायी २८६ दिवस वर राहिली. परतली तेव्हा हसत होती, हात हलवत होती. पण तिला आधार देऊन बाहेर काढलं आणि लगेच स्ट्रेचरवर घेतलं. झालं! मग दिवसभर बसस्टँडवर, भिशीत, शाळेच्या फाटकाशी एकच चर्चा. "अगं, किती वाळलीय ती! केस बघितलेस का, पांढरे झालेत. आणि चालताही येईना बिचारीला."

बिचारी? मला तर हा शब्द ऐकूनच कसंतरी झालं. एक तर तिच्याबरोबर तेवढेच दिवस राहून आलेले बुच विल्मोर हे गृहस्थही तसेच स्ट्रेचरवरून गेले, पण त्यांच्या केसांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि दुसरं म्हणजे, स्ट्रेचर हा तिथला नेमच आहे. महिनोन्‌महिने वर राहून आलेल्या प्रत्येकाला तसंच उचलून नेतात, तो बाई असो की बुवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा एक फोटो बघून 'ही खंगली' अशी बोंब उठली होती, तेव्हा तिनंच उत्तर दिलं होतं की, माझं वजन होतं तेवढंच आहे, फक्त शरीरातलं पाणी इकडचं तिकडे झालंय, आणि वजनं उचलून उचलून मांड्या उलट थोड्या भरल्याच आहेत.

मैत्रिणींनो, या उत्तरातलं शेवटचं वाक्य आपल्या कामाचं आहे. वजनं उचलून! जिथे काहीच जड नसतं, तिथे ही बाई रोज वजनं का उचलत होती? ते समजून घेतलं ना, तर तुमच्या-माझ्या गुडघ्यांबद्दल, सासूबाईंच्या कमरेबद्दल आणि 'आराम कर गं' या आपल्या लाडक्या वाक्याबद्दलही पुन्हा विचार करावासा वाटेल.

आधी एक गैरसमज दूर करू. वर गुरुत्वाकर्षण नसतं, असं आपण शाळेत ऐकून आलेलो असतो. ते खरं नाही. अवकाशस्थानक आपल्यापासून जेमतेम चारशे किलोमीटर वर आहे. मुंबईहून जितकं आत मराठवाड्यात जावं, तितकंच अंतर. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या सुमारे ९० टक्के असतेच. पण ते स्थानक पृथ्वीभोवती फिरता फिरता सतत खाली पडत असतं, आणि आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, क्षणभर आपण सीटवरून उचलले गेल्यासारखं वाटतं ना? तोच क्षण तिथे महिनोन्‌महिने चालू राहतो. पाय जमिनीवर टेकतच नाहीत. शाळकरी मुलांशी वरून बोलताना सुनीतानं सांगितलं होतं की, चालणं म्हणजे नेमकं काय असतं ते मी आठवून बघतेय. इतक्या दिवसांत मी चालले नाही, बसले नाही, आडवीही झाले नाही.

ऐकायला मजा वाटते. कंबर दुखायला नको, की पाय भरून यायला नकोत! पण शरीराला हा लाड मुळीच मानवत नाही.

पहिल्याच दिवसांत पायांतलं पाणी छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय काटकुळे होतात. सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं आणि जेवणाची चव कमी लागते. म्हणून तिथे तिखट सॉसला फार मागणी असते (आपला ठेचा गेला असता तर हातोहात संपला असता!). मणके एकमेकांवर दाबले जात नाहीत, त्यामुळे उंची दोन-चार सेंटीमीटरनी वाढते आणि पाठ दुखते. कित्येकांच्या डोळ्यांच्या मागची नस सुजते, जवळचं वाचायला त्रास होतो. हृदयाला रक्त खालून वर चढवायचे कष्ट नसतात, म्हणून तेही सुस्तावतं. तळपायांची जाड कातडी गळून ते बाळासारखे मऊ होतात.

आणि मग हाडं. इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण बायकांचा खरा संबंध इथेच आहे.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे, की एकदा ओतला आणि काम झालं. हाड जिवंत असतं. त्यात जुना भाग खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग लिंपणाऱ्या पेशीही असतात. दोघींचं काम जन्मभर शेजारी शेजारी चालू असतं. किती लिंपायचं, हे ठरतं त्या हाडावर किती भार पडतो त्यावर. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदानं १८९२ मध्ये हे मांडून ठेवलंय. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते याचमुळे. आता अवकाशात भारच नाही म्हटल्यावर काय होणार? ज्या घरात कुणी राहत नाही त्याची डागडुजी थांबते, तसंच. खरवडणं चालू राहतं, लिंपणं मागे पडतं. सुटलेलं कॅल्शियम लघवीतून जातं आणि मुतखड्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

किती झीज होते? काळजी घेतली नाही तर खुब्याच्या आणि कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. हा आकडा छोटा वाटतो ना? पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडांची जी झीज साधारण वर्षभरात होते, ती तिथे एका महिन्यात होते. म्हणजे अवकाशवीराच्या शरीरात जे घाईघाईनं घडतं, तेच आपल्या शरीरात पन्नाशीनंतर सावकाश, गुपचूप घडत असतं. त्याला यान लागत नाही, की बातमी होत नाही. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुबा मोडतो, तेव्हाच घराला कळतं.

१९७० च्या जूनमध्ये निकोलायेव आणि सेवस्त्यानोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर फक्त १८ दिवस वर राहून आले होते. तेव्हाचा व्यायाम आजच्या मानानं जुजबी. उतरल्यावर दोघांना धड उभंही राहता येईना. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९५ मध्ये व्हालेरी पोल्याकोव सलग ४३७ दिवस राहून परतले. ते पेशानं डॉक्टर. आणि गंमत म्हणजे यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत गेले! अठरा दिवसांनी पाय गेले आणि चौदा महिन्यांनी शाबूत राहिले, याचं मोठं कारण म्हणजे मधल्या काळात माणसाला कळलेली व्यायामाची किंमत.

आज अवकाशस्थानकावर प्रत्येकाला रोज दोन-अडीच तास व्यायाम करावाच लागतो. ट्रेडमिलवर धावायचं, पण तरंगून जाऊ नये म्हणून खांद्या-कमरेला पट्टे बांधून, रबरी दोऱ्यांनी खाली खेचून घेत. अशाच पट्ट्यांत बांधून घेऊन सुनीता एप्रिल २००७ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनचं सगळं अंतर चार तास चोवीस मिनिटांत धावली होती. शिवाय वजन उचलायचं एक यंत्र आहे. तिथे लोखंडाच्या वजनाचा उपयोग नाही, ते तरंगेल. म्हणून त्यात हवा काढलेल्या नळकांड्यांच्या ओढीनं जोर लावायला लागतो, पार २७२ किलोपर्यंतचा. म्हणजे बघा, कोट्यवधी डॉलर खर्चून माणसाला जडपणापासून मोकळं केलं, आणि मग पुन्हा तितकाच खर्च करून त्याच्या अंगावर तो जडपणा कृत्रिमपणे लादावा लागला!

एवढं करूनही सगळं भरून येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ अंतराळवीरांची नडगीची हाडं परतल्यावर वर्षभरानं तपासली. त्यातल्या ९ जणांची हाडं पूर्वीसारखी झालेली नव्हती. गमावलेलं हाड परत कमावणं अवघड असतं, असाच याचा अर्थ.

आता वरून खाली, आपल्या घरात येऊ. कारण अवकाशात न जाताही ही अवस्था येते. तिचं नाव आहे पलंग.

मी थट्टा करत नाहीये. शास्त्रज्ञांना वजनहीन अवस्थेचा अभ्यास जमिनीवर करायचा असला, की ते माणसांना चक्क झोपवून ठेवतात, डोक्याची बाजू जराशी खाली करून. २००५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूज इथे २४ स्त्रियांना असं ६० दिवस पलंगावर ठेवलं होतं. जेवण, अंघोळ, सगळं झोपूनच. ज्यांनी झोपल्या झोपल्याही ठरवून व्यायाम केला त्यांचे स्नायू बऱ्याच अंशी टिकले, बाकीच्यांचे झडले. आणि त्याहून जुनी गोष्ट १९६६ ची, अमेरिकेतल्या डॅलसची. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांचा दम मोजला. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर पुन्हा मोजला. काय दिसलं? तीस वर्षांच्या वयानं जेवढा दम घालवला नव्हता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं घालवला होता.

हे वाचल्यावर मला आपल्या घराघरांतलं एक प्रेमळ वाक्य आठवतं. "आई, आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं." साठी उलटली, एखादं दुखणं येऊन गेलं, की लेकी-सुना मायेनं आईला पलंगावर बसवतात. पाणी हातात, ताट हातात, रिमोट हातात. बघणारे म्हणतात, किती नशीबवान! पण माझं स्पष्ट मत आहे की, डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना माणसाला असं बसवून ठेवणं ही सेवा नव्हे. आपण प्रेमापोटी त्या माउलीला हळूहळू अवकाशात धाडत असतो. आधी मांड्या जातात, मग तोल जातो, मग धीर जातो. मग ती खरंच उठू शकत नाही, आणि आपण म्हणतो, वयच झालं हो!

दुसरं वाक्य याच्या नेमकं उलट, आणि ते आपल्या वाट्याला येतं. "तुला कशाला हवा वेगळा व्यायाम? घरकाम काय कमी आहे?" संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं चार बायका बुटं घालून भराभर चालायला लागल्या, की पारावरची मंडळी गालात हसतात. जिममध्ये वजन उचलणारी बाई तर अजून तालुक्याच्या गावी नवलाचीच गोष्ट. आता मिक्सर, वॉशिंग मशीन आले ते उत्तमच झालं. पुन्हा जात्यावर बसा असं मी मुळीच सांगणार नाही. पण ओट्याशी चार तास उभं राहून पाय ठणकतात, हाडाला मात्र त्यातून फारसं नवं काही मिळत नाही. त्याला वेगवेगळा आणि हळूहळू वाढता भार लागतो. थकणं आणि व्यायाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का!

इथे कुणी म्हणेल, 'भार चांगला म्हणता, मग डोक्यावर हंडे वाहणाऱ्या, उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या बायका सगळ्यांत ठणठणीत असायला हव्यात!' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अशा शस्त्रक्रियेत बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचं वय एकदम अंगावर कोसळतं आणि हाडांची झीज तिथूनच सुरू होते. देशभरात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. अशा अंगावर जो लादला जातो त्याला मी भार म्हणणार नाही. ते ओझं आहे.

दोन्हींत फरक आहे. भार मोजून घेतलेला असतो, तो थोडा थोडा वाढवतात, त्याच्या पाठीशी पोटभर अन्न आणि शांत झोप असते, आणि दुखलं तर थांबायची मुभा असते. ओझ्याला यातलं काहीच नसतं. म्हणून 'बघा, शास्त्रच सांगतंय, बाईनं राबलं पाहिजे' असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. तिकडे अंतराळवीर दोन तास व्यायाम करतो तेव्हा त्याचं जेवण, झोप, व्हिटॅमिन डीची गोळी, सगळ्याचा हिशोब कुणीतरी ठेवत असतं. आपल्याकडे बाईनं किती उचललं हे दिसतं, पण तिनं काय खाल्लं हे कोण विचारतं?

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आणखी निराळी आहे. अवकाशस्थानकावरचं मिनिट न्‌ मिनिट महाग. तरी तिथल्या वेळापत्रकात व्यायाम कामाच्या तासांत धरलेला असतो. 'सगळी कामं उरकून वेळ मिळाला तर' असा नाही. आणि परतल्यावर? ४५ दिवस, रोज दोन तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शरीर पुन्हा घडवायचं. जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला वीस दिवसांची मोहीम करून आले. त्यांनाही चालणं पुन्हा शिकावं लागलं. पलंगावर बसून त्यांनी लॅपटॉप हवेत सोडून दिला होता, तो तरंगेल अशा सवयीनं! सगळे हसले, तेही हसले. कुणी त्यांना आळशी किंवा नाजूक म्हटलं नाही. सुनीताही योग्य उपचारांनी दोन आठवड्यांच्या आत तीन मैल धावून आली.

आणि आपल्याकडे? मनगट मोडलेल्या बाईचं प्लास्टर सकाळी काढलं की संध्याकाळी ती पोळ्या लाटते. फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं तर 'उगाच खर्च' म्हणून दोन दिवसांत बंद. खरं तर पन्नाशीतल्या बाईचं मनगट साध्या पडण्यानं मोडणं ही हाडं ठिसूळ झाल्याची पहिली घंटा असू शकते. त्या वेळी हाडांची घनता तपासून घ्यायला हवी. घराच्या छताला तडा गेला तर आपण गवंडी बोलावतोच ना?

मग करायचं काय? फार अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं दम लागेल असं चाला, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे व्यायाम करा. ६५ च्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही करावेत. भराभर चालणं, जिने चढणं, ओटा धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठणं, भिंतीवर हात टेकून दंड काढणं, दोन किलोच्या तांदळाच्या पिशव्या हातात घेऊन वर-खाली करणं. पोहणं आणि सायकल हृदयाला छान, पण हाडांवर त्यात भार कमी पडतो. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झालीत त्यांनी वाकण्याचे आणि झटक्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत. अंगावर थोडं ऊन घ्यावं. नाचणी, तीळ, राजगिरा, दूध आपल्याच घरात आहे. शुभांशूंनी तर मूग आणि मेथीचे दाणे वर नेऊन त्यांना मोड आणून पाहिले; आपल्या फडक्यात बांधलेल्या मोडांचा मान किती वाढला बघा!

आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पलंगावरून उठवा. भाजी निवडायला बोलावा, देवळापर्यंत चालवत न्या, शेंगा वाळत घालायला गच्चीवर घेऊन जा. कामाला जुंपायचं म्हणून नव्हे, तिच्या पायांना जमीन लागावी म्हणून.

राहिली तुमची स्वतःची अर्धा तासाची वेळ. ती उरल्यासुरल्या वेळात शोधू नका, सापडणार नाही. दूधवाल्याची, नळाच्या पाण्याची वेळ जशी ठरलेली असते, तशी ती ठरवून टाका. उंबऱ्यातून निघताना कुणी विचारलंच, "आता कुठे निघालीस?" तर मागे वळूनही न बघता सांगा, "ड्युटीवर!"